विहिरीजवळचा तांबडा ठिपका

निपाणीकडच्या आमच्या गावात आता आभाळ काळं राहिलंच नाही. देवळासमोर दिव्यांचा उंच खांब, पलीकडं हायवे, सगळं पांढरंफटक. मला ताऱ्यांचे फोटो काढायचा नाद, म्हणून मी कॅमेऱ्यात लेन्सच्या मागं बसणारा फिल्टर घेतला. बिस्किटाएवढी काळी काच. गावातले दिवे ती जवळजवळ गाळून टाकते आणि ताऱ्यांमधल्या वायूचा गडद तांबडा उजेड तेवढा आत सोडते. विस्तवाचा तांबडाही सोडते, हे मला ठाऊक होतं. त्याच्याशी कधी काम पडेल असं वाटलं नव्हतं.

त्या खेपेला मी खरं तर आईला न्यायला गेलते. माझी नोकरी बेळगावात, उद्यमबागेत. आप्पा गेल्यापासून आई इथं एकटी. वर्षश्राद्ध झालं, आता काय अडलंय? तर म्हणे, "त्यास्नी इचारून सांगते." माझं डोकंच फिरलं. गेलेल्या माणसाला विचारायचं तरी कसं?

तिची रीत ठरलेली. आप्पांच्या अस्थींवर विहिरीजवळ छोटा कट्टा बांधलाय. तिन्हीसांजेला ती स्वतः वळलेली एक बिडी पेटवते, कट्ट्यावर ठेवते आणि मागं न बघता घरी येते. गेलेल्याला आवडीचं द्यावं, एवढंच.

"आज त्येनी ओढली न्हाय, तर उद्या तुझ्यासंगं येते," ती म्हणाली.

मला हसूच आलं. बिडी नुसती ठेवली की विझते. जन्मभर बिड्या वळणाऱ्या बाईला हे मी सांगायचं? माझं काम झालं म्हणून मी टेम्पोवाल्याला सकाळी बोलावूनही ठेवलं.

जेवणं उरकून गच्चीवर कॅमेऱ्याची तिपाई लावली. विहिरीच्या बाजूनं मृग नक्षत्र वर येत होतं. आई घोंगडं पांघरून शेजारीच बसली. कॅमेरा एकामागून एक फोटो काढत होता. पडद्यावर गाव पुसून गेलं होतं. वर आभाळात तांबूस धुरकट डाग, आणि खाली विहिरीजवळ एक ठिपका.

पुढच्या फोटोत तो मंद. त्याच्या पुढच्यात लखलखीत. मग पुन्हा मंद. कुणी निवांत झुरके घेतल्यासारखा.

म्हटलं, कॅमेऱ्याचा दोष असेल. दोष असला तर कॅमेरा वळवला तरी ठिपका पडद्यावर त्याच जागी दिसतो. मी कॅमेरा वळवला. ठिपका विहिरीजवळच राहिला. नुसत्या डोळ्यांना तिथं मिट्ट काळोख, आणि बिडी ठेवून केवढा तरी वेळ झालेला.

"कुणीतरी गडी बसला असेल," मी म्हणाले.

आईनं पडद्यात वाकून बघितलं. "व्हय, आजून बी लई मोठे झुरके घेत्यात. मग खोकत बसत्यात." आणि ती चक्क हसली. वर्षभरात तिला तशी हसताना मी बघितलं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटत होता. माझ्यासाठी असं कोण थांबलंय?

ती खाली झोपायला गेली. मी टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं. सामान आवरता आवरता शेवटचा फोटो बघितला. ठिपका विहिरीजवळ नव्हता. शेतातून घराकडं येणाऱ्या पायवाटेवर होता.

मी धडाधडा खाली आले आणि कडी घालायला हात वर केला.

"राहू दे गं," आतून आई म्हणाली.

मी कडी तशीच सोडली. आईशेजारी घातलेलं माझं अंथरूण उचललं आणि दुसऱ्या खोलीत नेलं.