ट्रॉम्बेचा जाळ आणि आमच्या गिरणीचे इंजिन

नीरा स्टेशनवर गाडीत चढले तेव्हा माझ्याजवळ तीन नग होते: कपड्यांची वळकटी, धाकट्या बहिणीसाठी बाजरीचे पीठ नि शेंगदाण्याची चटणी भरलेला डबा, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, आमच्या गिरणीच्या इंजिनातून काढलेली एक झिजलेली लोखंडी रिंग. ही रिंग कशाला घेता, असे निरोप द्यायला आलेल्या सगळ्याजणींनी विचारले. मी म्हटले, नमुना जवळ असलेला बरा. कशाचा नमुना, ते मलाही नीट ठाऊक नव्हते.

आमच्या महिला मंडळाची पिठाची गिरणी दिवाळीपासून बंद पडली होती. इंजिन धूर ओके, धापा टाके, आणि एके दिवशी चालूच होईना. गावच्या मिस्त्रीने हात झटकून सांगितले, "संपलं हे. नवं घ्या." गिरणी बंद म्हणजे बायकांना पलीकडच्या आळीतल्या खाजगी गिरणीवर जाणे भाग. तो गिरणीवाला तासन् तास ताटकळत ठेवतो आणि दळण देताना ओंजळभर पीठ काढून घेतो, ते वेगळेच. त्याहून वाईट हाल कृष्णाबाईचे. आमची गिरणी तीच चालवते. नवरा नाही, म्हातारी सासू अंथरुणावर. गिरणी थांबल्यापासून ती परक्याच्या उसात मजुरीला जात होती आणि संध्याकाळी कंबर धरून परत येत होती.

नवे इंजिन घ्यावे, तर पैसे एकदाच जमणार होते. विजेची वाट पाहावी, तर विजेचे खांब शेजारच्या गावापर्यंत येऊन थांबलेले. अशात खंबायतेकडे जमिनीत तेल लागल्याची बातमी आली. मास्तरांनी ती चावडीवर मोठ्याने वाचून दाखवली. आपल्याच मुंबई राज्यात तेल लागले, तर तेल स्वस्त होणार, आणि तेल स्वस्त झाले तर इंजिनच बरे, असे सगळ्यांना वाटू लागले. पण खात्री कोण देणार? माझी बहीण घाटकोपरला, आणि तेल गाळायचे मोठे कारखाने त्याच बाजूला, ट्रॉम्बेला. म्हणून संक्रांतीच्या आत विचारून येण्यासाठी मंडळाने मला पाठवले. इंजिन पसंत पडले तर ठरवून टाकण्याचा अधिकारही दिला. गाडीत बसल्याबसल्या मी प्रश्न लिहून काढले. देशात तेल किती निघते? ते वाढले की भाव उतरतो का? उतरत असेल तर केव्हा? एवढे विचारले की काम झाले, असे मला वाटले.

पुण्याला गाडी बदलली, कल्याणला पुन्हा बदलली आणि घाटकोपरला उतरले. बहीण इंदू स्टेशनवर आली होती.

"ताई, डब्यात काय आणलंस?"

"आधी माझी चौकशी कर, मग डब्याची."

"तू धडधाकट दिसतेयस ना! डब्याचं मात्र कळत नाही."

इंदूचे बिऱ्हाड डोंगराच्या उतारावरच्या दुमजली चाळीत, वरच्या मजल्यावर. चाळीत बरीच कुटुंबे कोकणातली, काही घाटावरची. लांबलचक सामाईक गॅलरीत उभे राहिले की खाली घरांची छपरे, मिठागरांचे पांढरे चौकोन आणि त्यापलीकडे खाडीची राखाडी रेघ दिसते. इंदूचे यजमान वसंतराव फोर्टात एका कचेरीत आहेत. त्यांनी चहा घेता घेता माझे प्रश्न वाचले. "वन्सं, फार मोठं काम काढलंत," म्हणाले आणि हसत अंघोळीला गेले. मला वन्सं म्हणायची त्यांना खोड आहे. मी त्यांची मेहुणी, वन्सं नव्हे, हे लग्नापासून सांगते आहे.

दिवेलागणीला एक नवल पाहिले. चाळीतल्या बायका एकेक करून गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, कुणाची मिरवणूक येते आहे. पण सगळ्यांचे डोळे दूर आग्नेयेला लागलेले. तिकडे अंधुक आभाळात एका उंच धुराड्याच्या टोकावर नारिंगी ज्योत हलत होती. ट्रॉम्बेच्या तेल कारखान्याचा तो जाळ.

मधोमध राणेकाकू उभ्या होत्या. ठेंगण्या, नाकात मोठी नथ, हात कमरेवर. त्या मालवणकडच्या, आणि सगळी चाळ त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

"बगलंस मां?" त्या म्हणाल्या. "काल वितभर होतो, आज हातभर झालो. उद्या कोणी घासलेट घेव नका." (आपण रॉकेल म्हणतो, त्याला मुंबईत घासलेट म्हणतात.)

मी इंदूला विचारले, "जाळाचा नि घासलेटाचा काय संबंध?"

उत्तर राणेकाकूंनीच दिले. "अगो बाय, चुलीर भात उतू कधी जाता? टोपात तांदूळ जास्त झाले तर. तेल जास्त झालां की ते जाळून टाकतत. तेल जास्त, म्हणजे भाव उतारतलो. मग आज कित्याक घेवचां?"

मला हे अगदी पटले. देशात तेल किती, हे सांगणारी एवढी सोपी खूण गॅलरीतून दिसत असताना मी उगाच एवढे प्रश्न लिहून काढले, असेही वाटले. पहिल्या प्रश्नापुढे मी लिहिले: तेल पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू घासलेटवाला हातगाडी घेऊन आला. पिंप, पत्र्याची मापे, नरसाळे. डबा बडवून त्याने हाळी दिली. वरून एकही बाटली खाली आली नाही.

"ओ काकू! आज काय एकादशी हाय का घासलेटाची?"

"तुझो भाव उतारल्याशिवाय आमची एकादशी सुटूची नाय!"

"भाव काय माझा बाप ठरवतोय?"

"मग बापाक विचारून ये, जा!"

सगळी गॅलरी हसली. दगडू पुटपुटत पुढच्या चाळीकडे निघून गेला. त्या दिवशी इंदूने अर्धा स्वयंपाक शेगडीवर केला आणि कोळशाच्या धुराने आम्ही दोघी रडलो. "नेहमी असंच करता का गं?" मी विचारले. "जाळ मोठा असला की," ती डोळे पुसत म्हणाली, "सगळ्याजणी. एकीनंही घ्यायचं नाही."

वसंतरावांचे शाळासोबती देवधर एका तेल कंपनीच्या हिशेबखात्यात वरच्या जागेवर आहेत. ते अंधेरीला राहतात. वसंतरावांनी चिठ्ठी दिली आणि मी एकटीच गेले. देवधरांचे घर टुमदार, दारात मोगऱ्याचा वेल, आत गादीच्या खुर्च्या. त्यांनी फार अगत्याने बसवून घेतले. मी प्रश्न पुढे केले.

"खंबायतेचं तेल अजून जमिनीतच आहे," ते म्हणाले. "ते वर येऊन गाळलं जाईपर्यंत पुष्कळ दिवस जातील. आसामात निघतं, ते तिकडच्या तिकडे. आपल्या ट्रॉम्बेला येतं ते कच्चं तेल. अरबस्तानच्या बाजूनं बोटीनं येतं, इथं गाळलं जातं."

"मग इथं गाळल्यामुळं स्वस्त पडत असेल."

"कारखान्याला पडत असेल. पण विक्रीचा भाव कसा धरतात सांगू? रॉकेल तयार होऊनच परदेशातून बोटीनं आलं असतं, तर इथं केवढ्याला पडलं असतं, तसा. तिकडचा भाव, अधिक बोटीचं भाडं, अधिक विमा."

"पण ते तयार होऊन येतच नाही ना?"

"नाही."

"मग भाडं कशाचं?"

"मानलेलं भाडं."

"मानलेलं भाडं आम्ही खऱ्या पैशांनी द्यायचं?"

"तुम्ही असं विचारलंत की चमत्कारिक वाटतं खरं," ते म्हणाले. "पण पद्धत तीच आहे. उद्या आपल्या अंगणात तेल निघालं तरी भाव असाच धरतील."

"का?"

"का म्हणजे..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते मी कधी कुणाला विचारलं नाही."

मी जाळाचे विचारले. ते मनापासून हसले. "तो वाया जाणारा वायू जाळतात हो. जाळ एकाएकी मोठा झाला तर बहुधा कारखान्यात काहीतरी बंद पडलेलं असतं. तेल जास्त झालं असा अर्थ नाही. उलट कमीच."

म्हणजे राणेकाकूंचे सगळेच उलटे! जाळ मोठा तर तेल कमी. तेल कमी म्हणजे भाव वाढायला हवा. पण भाव तर इथल्या तेलाकडे पाहतच नाही, तो समुद्रापलीकडे पाहतो. पहिल्या प्रश्नापुढचे उत्तर मी खोडले, दुसऱ्यापुढे काही लिहिता येईना. एवढ्यात देवधरांच्या पत्नी पोहे घेऊन आल्या. मागोमाग स्वयंपाकघरातून कोळशाचा वास आला.

"स्टोव्ह नाही वापरत?" मी विचारले.

"छे बाई! शेगडीच बरी. रॉकेल परवडतं कुणाला?" त्या म्हणाल्या. देवधर पोह्यांत लिंबू पिळण्यात गुंग झाले.

परत येताना, मानलेल्या भाड्याचा विचार करता करता मी भलत्याच बसमध्ये बसले. खिडकीबाहेर घरे विरळ झाली, दोन्ही बाजूंना झाडी दाट झाली, तेव्हा जाग आली.

"आरे कॉलनी," कंडक्टर म्हणाला. "घाटकोपर? वाट लागली बाई तुमची! ते पार उलट राहिलं. आता उतरा, समोरून परतीची येईल."

मी उतरले. रानातला काळा डांबरी रस्ता, दोन्हीकडे म्हशींचे लांब गोठे, शेणाचा नि ओल्या गवताचा वास. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा घरी असल्यासारखे वाटले. झाडाखाली एक गवळी पेंड भिजवत बसला होता.

"इथल्या दुधाचा भाव कोण ठरवतं हो?" मी सहज विचारले.

"सरकार."

"म्हैस जास्त दूध देऊ लागली तर उतरतो?"

त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतले. "म्हशीला कोण विचारतंय बाई?" तो म्हणाला आणि पुन्हा पेंडीत हात घातला.

मुलुंडचे काम उरले होते. तिथे इंजिने विकणाऱ्या एका शेठजींचे दुकान आणि त्यामागे छोटे वर्कशॉप आहे. हिरव्या रंगाची नवी इंजिने रांगेने मांडलेली, अगदी तेलपाणी करून बसवलेल्या नवऱ्यामुलांसारखी. शेठजींनी थंडगार सरबत मागवले.

"बेन, घेऊन टाका," ते म्हणाले. "आता खंबायतमधे तेल भेटलं. भाव पडणार म्हणजे पडणार."

"कधी?"

"आज नाय तर उद्या."

मागे वर्कशॉपमध्ये लोखंड कातणारी यंत्रे घरघरत होती, पण इंजिनाचा धडधडाट नव्हता की धूर नव्हता. मी उठून डोकावले. भिंतीवर विजेची मोटर फिरत होती.

"शेठजी, तुमची यंत्रं विजेवर?"

"हा. इंजिन लय खातं ना तेल..." ते बोलून गेले आणि मग स्वतःच पोट धरून हसू लागले. "पकडलं बेन तुमी मला! बरं, आता खरं सांगा, जुन्या इंजिनला झालं काय?"

मी फडके सोडून रिंग पुढे ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवले, हाताखालच्या माणसाला बोलावून दाखवले. आमचे इंजिन कसे वागते ते मी सांगितले: धूर कसला, आवाज कसला, चालू होताना काय होते. दोघांचे आपसात गुजरातीत बोलणे झाले.

"रिंगा गेल्या वाटतं," शेठजी म्हणाले. "नवीन संच घाला. खात्री नाय देत. चाललं तर वीज येईपर्यंत चालेल. नाय चाललं तर नवं घ्यायला याल, मी हाय इथंच."

मी बसून विचार केला. तेलवाल्याच्या घरी कोळसा, इंजिनवाल्याच्या कारखान्यात वीज. तेल स्वस्त होणार की महाग, हे सांगणाऱ्यांपैकी कुणीच त्यावर स्वतःची चूल मांडली नव्हती. मग आम्ही सगळी पुंजी का मांडावी? रिंगांचा संच घेतला. नवे इंजिन घेतले नाही. बरोबर केले की चूक, याची परतीच्या वाटेवर सारखी धास्ती वाटत होती. रिंगा बसवूनही इंजिन हलले नाही तर कृष्णाबाईला काय तोंड दाखवायचे?

शेवटच्या संध्याकाळी मी गॅलरीत राणेकाकूंना एकीकडे घेऊन देवधरांचे म्हणणे सांगितले. जाळ मोठा म्हणजे तेल कमी. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आसांदे गो," त्या म्हणाल्या. "जाळ मोठो आसलो की आमी घेणव नाय. दोन सकाळी दगडू रिकामो जाता. तिसऱ्या सकाळी माप शिगोशीग भरता, वर धार सोडता. तुझ्या त्या सायबाच्या हिशेबात ह्या बसता?"

"नाही बसत."

"तर मग!" आणि त्या पुन्हा जाळाकडे पाहू लागल्या.

सकाळी मी निघताना दगडू आलाच. नव्या पैशांवरून नि जुन्या आण्यांवरून थोडी हुज्जत झाली, ती तर रोजचीच. पण मापे खरोखर काठोकाठ भरली, आणि प्रत्येकीच्या बाटलीत वरून थोडी धार. भाव तोच होता. माझा गोंधळ मात्र तिथे पुरा झाला. चुकीच्या खुणेवरून बरोबर फळ मिळते, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

गावी आल्यावर मिस्त्रीने कुरकुर करत रिंगा बसवल्या. अंगणात सगळे मंडळ जमले होते. कृष्णाबाईने हँडल मारले. इंजिन खोकले आणि थांबले. तिने पदर खोचून पुन्हा मारले. तिसऱ्यांदा ते धडधडले, आणि धडधडतच राहिले. कृष्णाबाईने चक्कीच्या तोंडात पहिली पायली ओतली आणि तोंड फिरवून पिठाच्या हाताने डोळे पुसले.

सभेत मला सगळ्यांनी विचारले, "मग तेल स्वस्त होणार का?" मी उभी राहिले आणि सांगितले की मला कळले नाही. अंधेरी, आरे, मुलुंड सगळे सांगितले. राणेकाकूंच्या जाळाचेही सांगितले. बायका पुष्कळ हसल्या. मला वाटले, गोष्ट तिथेच संपली.

पुढच्या बाजारी कृष्णाबाईबरोबर इंजिनाचे तेल आणायला गेले. दुकानदार माप भरू लागला, तशी ती एकदम म्हणाली, "र्‍हाऊ द्या आज."

"का गं?"

"म्हमईत जाळ लई मोठा झालाय म्हनं. आमी थांबतो. नदीकाठची पाण्याची इंजिनवालीबी थांबत्यात."

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी लिहिण्यावाचण्यातली बाई, मी काहीतरी समजावून सांगेन अशी त्याची अपेक्षा असावी. मला सांगता आले असते, की तो जाळ म्हणजे नुसता वाया जाणारा वायू. मी पिशवीचा बंद बांधत राहिले.

"केवढा मोठा?" त्याने हळूच विचारले.

कृष्णाबाईने हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. दुकानदाराने भाव उतरवला नाही. पण गेल्या खेपेला चार बोटे रिता असलेला डबा त्याने या खेपेला गळ्यापर्यंत भरला, आणि वरून थोडे ओतताना म्हणाला, "उद्या जाळ उतरला की कळवा हं, बाई."