टाक्यांवरचा हुक

लष्कराच्या लिलावातला ट्रक बाबांनी आणला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा तोवर दुसऱ्यांच्याच गाड्या चालवत आले होते. आता अंबाडीच्या रस्त्यावर बंद पडणाऱ्या गाड्या ओढायचा स्वतःचा धंदा करायचा होता. त्यासाठी ट्रकच्या मागच्या बाजूला क्रेनचा सांगाडा बसवला, पण तो इतका बाहेर आला की ट्रकचा मूळ हुक त्याच्याखाली दडला. साखळी अडकवायला हातच पोचेना. मग जाड लोखंडाचं एक्स्टेंशन बनवून घ्यायचं ठरलं. त्याचं एक टोक चासीला वेल्ड करायचं, दुसऱ्या टोकाला नवा हुक.

निजामपुऱ्यातून वेल्डर आला. त्याने एक्स्टेंशन जागेवर धरून चार कोपऱ्यांना वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारले आणि लाइट गेली. भारनियमन होतं, संध्याकाळशिवाय येणार नव्हती.

"अभी सिर्फ टाके पे है, सेठ," हातमोजे काढत तो म्हणाला. "कुछ खींचना मत. फुल वेल्डिंग शाम को."

पण दुपारी अमावास्या लागत होती. आमच्याकडे अमावास्येला नवी गाडी कामाला काढत नाहीत. आणि पूजा झाली की गाडीने लगेच भवानी करायची, म्हणजे पहिलं काम करायचं. पूजा करून गाडी नुसती उभी ठेवणं आणखी वाईट.

"अमावास्या सरल्यावर करू या ना पूजा," मी बाबांना म्हटलं. मी सहसा बोलत नसे. घरात सगळे माझ्याकडे वळून बघतात, ते मला आवडत नाही.

काका हसला. बाबांचा धाकटा भाऊ, धंद्यात त्यांचा जोडीदार. "इंग्लिश शालेतली बाय ती. तिला अमावास्या काय न् पुनव काय."

"रिकामा टेम्पोच वढायचाय," बाबा म्हणाले. "भरलेला न्हाय. जरासा हलवला का झाला."

काकी चहाचे कप गोळा करत होती. तिने एकदा वेल्डरकडे पाहिलं, एकदा काकाकडे, आणि आत गेली.

आईने चाकांना हळदकुंकू लावलं, बाबांनी नारळ फोडला. शेजाऱ्यांचा रिकामा टेम्पो रस्त्याच्या कडेला चिखलात रुतून बसला होता. काकाने स्वतः साखळी लावली आणि ती नीट बसलीय का बघत तिथेच ट्रक आणि टेम्पोच्या मधे उभा राहिला. बाबांनी ट्रक पुढे घेतला. टेम्पो थोडा वर आला, मग पुढचं चाक दगडाला अडलं. "दे, अजून दे," काका ओरडला. बाबांनी जोर दिला.

आवाज फार मोठा नव्हता. टाके तुटले, अख्खं एक्स्टेंशन साखळीसकट मागे आलं आणि काकाच्या गुडघ्यावर बसलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. बाबांना काही कळलं नव्हतं. ओझं हलकं झालं म्हणून ट्रक तसाच पुढे जात राहिला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नातेवाईक जमले. कुणी म्हणालं, "अमावास्या लागली व्हती." दुसरं म्हणालं, "न्हाय, वेल व्हता अजून." आत्याने वज्रेश्वरीला नवस बोलला. लष्करात असताना या ट्रकवर बसून कोण कोण कुठे मेलं असेल, यावरही बोलणं झालं. बाबा जमिनीकडे बघत बसले होते.

मग काकी म्हणाली, "टाके व्हते. वेल्डर बोललावता, वढू नका. मी आयकला." तिचा आवाज चढला नव्हता.

काकाचा पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला.

एक्स्टेंशन पुढे पक्कं बसवलं आणि ट्रक कामाला लागला. त्याचा अर्धा पैसा दर महिन्याला काकाच्या घरी जातो, काकी तो घेते. ती बाबांना दादा म्हणायची. तेव्हापासून तिने त्यांना हाक मारलेली नाही. सणाला जेवायला बोलवायचं असलं की ती दारात येते, बाबा समोर बसलेले असतात, आणि मला सांगते, "तुझ्या बापाला सांग, पान वाढलाय." मी सांगते. बाबा उठतात आणि जातात.