अर्ध्या गाण्याचा सिनेमा

संस्कृती वाचवायला निघालेली माणसं मी एकदाच जवळून पाहिली. तेव्हापासून कुणी काही वाचवायला निघालं की मला आधी त्या वस्तूचीच काळजी वाटते.

सन पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. आलापल्लीच्या पुढं जंगलातल्या एका गोंड गावात मी शाळेवर मास्तरीण होते. माहेर माझं चांद्याचं, म्हणजे आताच्या चंद्रपूरचं. पण पोरांना शिकवता शिकवता मला गोंडी बोलता यायला लागली होती, आणि तेच अंगाशी आलं. एका हिवाळ्यात गावात दोन जीपगाड्या आल्या. एकीत कलावंत होते: मुंबईचा दिग्दर्शक, त्याचा कॅमेरावाला आणि आवाजाचं यंत्र मांडीवर घेऊन बसलेला एक घामाघूम माणूस. दुसरीत परोपकार होता: कुठल्याशा सेवा मंडळाच्या बाई, दुधाच्या पावडरीचे डबे आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. दोघांनी मिळून आदिवासींचं संगीत सिनेमात जपून ठेवायचं ठरवलं होतं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, की बाई, तुम्ही दुभाषी.

आमच्याकडचे गोंड गाईचं दूध काढत नसत. ते वासराचं, म्हणून सोडून देत. मी मंडळाच्या बाईंना हे सांगितलं, तर त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मीच गावाला उपाशी ठेवलंय. डबे वाटले गेले. गावातल्या एका बाईनं ती पावडर पाण्यात कालवून दाराच्या चौकटीवर पांढरे पट्टे ओढले, आणि दिग्दर्शकानं त्याचं आदिवासी चित्रकला म्हणून मन लावून चित्रीकरण केलं. कपड्यांची तर आणखी मजा. सकाळी मंडळाच्या बाई बायकांच्या अंगात पोलकी चढवायच्या आणि दुपारी दिग्दर्शक ती उतरवायला लावायचा, कारण पोलक्यात त्या अस्सल दिसत नव्हत्या. ह्याला सहकार्य म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांना पाहिजे होता आमचा परधान. परधान म्हणजे गोंडांच्या घरोघरी जाऊन, किंगरी वाजवत त्यांच्या कुळाच्या देवांची कथा गाणारा. हा परधान म्हातारा होता, पण गरीब बिचारा मुळीच नव्हता. भलता मिजासखोर. मोहाची दारू पातळ निघाली तर यजमानाच्या सात पिढ्या उद्धरायचा, आणि आपल्यासारखा गळा गोदावरीपर्यंत कुणाचा नाही हे रोज कुणाला तरी ऐकवायचा. ते खरंही होतं, म्हणून लोक ऐकून घेत. त्याचा मुलगा बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत गेला होता आणि किंगरीला हात लावायला तयार नव्हता. म्हाताऱ्याच्या मागे ते गाणं येणारं कुणी उरणार नव्हतं. हे एकच दुखणं तो मिशीखाली दाबून होता.

म्हणून यंत्रात गाणं राहतं म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. पण त्यानं अट घातली. त्या गाण्याची रीत अशी, की सुरुवातीला एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं, मग त्यांची कथा सांगायची आणि शेवटी एकेकाला निरोप देऊन आपापल्या ठिकाणी पोचवायचं. बोलावलेले देव निरोपाशिवाय ठेवले तर ते जागच्या जागी ताटकळतात, ना इथले ना तिथले. ज्यानं बोलावलं, त्याच्याच माथी ते पाप. तेव्हा घ्यायचं तर सगळं घ्या, नाही तर मी चाललो, असं तो म्हणाला. मी शब्द न् शब्द समजावून सांगितलं. दिग्दर्शकानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. फार सुंदर आहे हो, असंही म्हणाला. त्याला सगळंच सुंदर वाटायचं, हीच पंचाईत होती.

सकाळी अंगणात म्हातारा नवं धोतर नेसून बसला. किंगरी लावली, डोळे मिटले आणि देवांना बोलवायला लागला. पहिला देव आला, दुसरा आला. एवढ्यात कॅमेऱ्यातली फिल्म संपली. दिग्दर्शकानं हात वर करून थांबा म्हटलं. म्हातारा कशाला थांबतोय! मग मला सांगितलं, त्यांना म्हणावं पुन्हा पहिल्यापासून करा, मघाशी मागून कोंबडी गेली. मी म्हटलं, साहेब, देव येऊन बसलेत, आता त्यांना पुन्हा काय बोलवायचं? तो हसला. माझ्या पाठीवर थोपटल्यासारखं ते हसणं होतं. कोंबडीसकट जेवढं मिळालं तेवढं घेऊन ते सगळे पोरींचा नाच टिपायला नदीवर निघून गेले. म्हातारा मोकळ्या अंगणात गातच राहिला. उन्हं कलली तेव्हा कुठे त्याचा शेवटचा देव घरी पोचला. समोर मी होते आणि ती कोंबडी. त्याला वाटलं, यंत्र तिथेच कुठेतरी असेल.

वर्षभरानं चांद्याच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ लागला. म्हाताऱ्याला शाल-नारळ द्यायचं होतं, म्हणून मी त्याला मोटारीनं घेऊन गेले. फडक्यात गुंडाळलेली किंगरी त्यानं मांडीवर धरली होती. गावात सगळ्यांना सांगून आला होता, की आता मी मेलो तरी गाणं मरत नाही.

अंधार झाला. दारावरचे पावडरीचे पट्टे दिसले, पोलकं नसलेल्या पोरी दिसल्या. मग म्हातारा दिसला आणि त्याचा आवाज टॉकीजभर घुमला. पहिला देव आला, दुसरा आला. लगेच त्याच्या आवाजावर सतार चढली, आणि एक गंभीर पुरुषी आवाज हिंदीत म्हणाला, की निसर्गाची ही भोळी लेकरं पावसाची प्रार्थना करत आहेत. कसला पाऊस आणि कसली प्रार्थना! पुढे नाच आला, सूर्यास्त आला, टाळ्या झाल्या. पुढच्या खुर्चीत मंडळाच्या बाई डोळे पुसत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हातारा उठला. शाल घ्यायला स्टेजवर गेलाच नाही. भिंत चाचपत दाराबाहेर गेला, टॉकीजच्या पायरीवर बसला, फडकं सोडलं आणि तिथून पुढचं गाणं धरलं. कथा आणि मग निरोप. रिक्षावाले थांबून बघत होते. मॅनेजरनं दरडावून पाहिलं, तेव्हा मी त्याला असं काही सुनावलं की तो परत आत गेला. म्हाताऱ्यानं मधला एक शब्दही गाळला नाही. सगळं संपल्यावर किंगरी गुंडाळत त्यानं विचारलं, हा सिनेमा आणखी कुठे दाखवतात. दिल्लीला दाखवला, विलायतेलाही जाणार आहे, असं मंडळाच्या बाई मला मोठ्या कौतुकानं बोलल्या होत्या. मी तेच सांगितलं.

तो म्हणाला, "मंग बाई, तिथी त्याहीले घरी कोण पोचवीन?"

दिग्दर्शक आत हार घालून घेत होता, त्याला तर हा प्रश्न पडलाही नव्हता.

त्यानंतर म्हातारा तीन पावसाळे जगला. कुणाच्याही अंगणात त्यानं देव बोलावले नाहीत. यजमान बोलवायला यायचे आणि शिव्या खाऊन परत जायचे. रोज सकाळी दाराशी बसून तो फक्त निरोपाचा भाग गायचा, तोंड उत्तरेकडे करून, कारण दिल्ली तिकडे आहे असं मीच त्याला दाखवलं होतं.