करवतीवरचं उलटं कणीस

कडुबा औताडे यांच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे आणि तिला दोन कुलुपं आहेत. एका कुलपाची किल्ली कडुबांच्या करदोट्याला असते, दुसरी देव्हाऱ्यात हळदीच्या डबीखाली. मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीत गेल्या दहा वर्षांत चोरी झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. खोलीत सोनं-नाणंही नाही. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या एकेचाळीस जुन्या करवती आहेत, आणि त्यातल्या निम्म्या गंजलेल्या आहेत.

"चोर आलाच तर दया येऊन चार भांडी ठेवून जाईल," असं त्यांची बायको दीपमाला म्हणते. कडुबा हसत नाहीत. पाहुणे येऊन गेले की ते वर जातात आणि करवती मोजून येतात. पाहुण्यांत सख्खा जावई असला तरी मोजतात.

स्वभावच तसा. चिकलठाण्याच्या कंपनीत त्यांनी तेहेतीस वर्षं फिटर म्हणून काढली, तेव्हा चहाचा कपसुद्धा घरून न्यायचे. मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस चपलांच्या ढिगाकडं तोंड करून उभा होता. जुन्या बाजारात करवत दिसली तर आधी शेजारच्या हातोडीची चौकशी करायची, मग पान्याला नाकं मुरडायची, आणि उठता उठता "ही गंजकी बी टाक त्यात" म्हणायचं. करवत हवी आहे हे दुकानदाराला कळलं तर तो भाव चढवेल, अशी त्यांना पक्की खात्री. वीस वर्षांत त्या दुकानदारांना ते कळलं नसेल, अशीही पक्की खात्री.

या सगळ्या करवती एकाच कारखान्यातल्या. निजामाचं राज्य गेल्यावर दोन-चार वर्षांत उस्मानपुऱ्यात एक लहानसा कारखाना निघाला होता. लाकडाच्या वखारीत आरा मशीनची पाती तुटली की ती आणायची, कापून त्याच्या हातकरवती करायच्या, बाभळीची मूठ बसवायची आणि पात्यावर विहिरीच्या मोटेचा शिक्का ठोकायचा. मोट छाप करवत म्हणजे त्या काळी सुताराचा उजवा हात. पुढं बाहेरची स्वस्त करवत आली, मग विजेवरचं कटर आलं आणि कारखान्याला टाळं लागलं.

कडुबांचे वडील सर्जेराव फुलंब्रीकडचं गाव सोडून शहरात आले ते या कारखान्याचं काम धरूनच. पात्याला दात पाडले की ते तिकोनी कानशीनं एकेक करून घासावे लागत. ते काम घरी दिलं जाई. ज्याचं काम त्याला कळावं म्हणून प्रत्येक जण कानशीच्या कोपऱ्यानं पात्यावर आपली खूण ओरखडायचा, कुणी फुली, कुणी दोन रेघा. कडुबांकडच्या चौदा करवतींवर खूण होती ज्वारीच्या कणसाची. एक दांडा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन दाणे.

हे कणीस आपल्या वडिलांचं, हे कडुबांना लहानपणापासून ठाऊक होतं. सर्जेराव सायकलला पात्यांची चवड बांधून न्यायचे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्या चवडीवरचं कणीसही पाहिलं होतं. कणसाच्या करवतीला जी धार होती ती दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती, असं म्हातारे सुतार अजूनही सांगत. पण कारखान्याच्या मालकाचा नातू अतुल, ज्याचं आता उस्मानपुऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे, तो येईल त्याला सांगे की मोट छाप करवत म्हणजे आमच्या आजोबांची कला. औताडे नावाचं कुणी त्याला माहीतच नव्हतं. ही गोष्ट कडुबांच्या जिवाला लागली होती. आपल्या बापाचं नाव त्या करवतींवर लागलं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

कणसाची एक गंमत होती. बाकी सगळ्यांच्या खुणा पात्याच्या मागच्या, कोऱ्या बाजूला असत. कणीस मात्र पुढच्या बाजूला, मालकाच्या शिक्क्याशेजारी, आणि तेही उलटं. दात खाली करून करवत धरली की मोट सरळ दिसे आणि कणीस मान खाली घालून लोंबे. यावर कडुबांनी बरीच वर्षं डोकं चालवून शोध लावला होता. मालक बापाची कला खात होता, म्हणून बापानं मुद्दाम त्याच्या शिक्क्याला खेटून, पण त्याच्या ध्यानात येऊ नये म्हणून उलटी, आपली सही केली होती. कडुबा सहा-सात वर्षांचे असताना कणसाच्या करवती अचानक बंद झाल्या आणि सर्जेराव एका वखारीत वॉचमन झाले. म्हणजे मालकानं सही ओळखली आणि बापाला हाकललं. सगळं कसं चोख जुळत होतं.

अशात गेल्या हिवाळ्यात अमृता आली. पंचविशीतली मुलगी, पाठीला सॅक. क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात शहरातल्या जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याची मांडणी तिच्याकडं होती. प्रत्येक हत्याराखाली कारागिराच्या नावाची पाटी लागणार होती.

"तुमाला माझा पत्ता कुणी दिला, मॅडम?" हा कडुबांचा पहिला प्रश्न.

"जुन्या बाजारातल्या दुकानदारानं, काका. तो म्हणाला, एक काका हातोडी विचारतात आणि करवत नेतात."

दीपमालाबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या आणि पदर तोंडाला लावून परत आत गेल्या. कडुबांचा संशय तिथंच पेरला गेला. मग चहा आला तेव्हा पोरीनं कप डाव्या हातानं घेतला, तेही त्यांना खटकलं. मग तिनं वही उघडली आणि तीतून अतुलच्या दुकानाचं कार्ड खाली पडलं.

"त्याच्याकडं गेल्ती व्हय?"

"आधी तिथंच गेले. त्यांच्याकडं एकही करवत नाही, काका. नुसत्या गोष्टी आहेत."

कडुबांनी कार्ड उचलून उलटंपालटं करून पाहिलं. अतुलनं हिला करवती न्यायला पाठवलं आहे, वर नावाची पाटी त्याच्या आजोबांची लागणार, हे त्यांच्या लेखी ठरून गेलं. तरी त्यांनी तिला हाकललं नाही, कारण पाटीचा मोह सुटेना. तीन आठवडे ती येत राहिली. दर वेळी ते पाटीचा मजकूर तिच्याकडून वाचून घ्यायचे. 'कणीस खुणेच्या करवती. कारागीर: सर्जेराव औताडे.' तो ऐकला की, ही पोरगी ऐन वेळी बदलणार, असं मनाशी म्हणायचे.

शेवटी त्यांनी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. अतुलची माणसं दुकानात बसून बोलणारी, त्यांच्या बोटांना कानस माहीत नसणार. एका रविवारी सकाळी त्यांनी दोन फळ्यांत पातं आवळून धरायचा शिकंजा खोलीत मांडला, कणसाची एक करवत खाली काढली आणि कानस तिच्यापुढं टाकली.

"हत्याराचं प्रदर्शन भरविती ना? चार दात घासून दाखव. मंग नेजो करवती."

अमृता खाली बसली. तिनं करवत दात वर करून शिकंज्यात धरली आणि आवळली. मूठ डाव्या हाताला.

"उलटी धरली," कडुबा म्हणाले. त्यांना मनातून बरंच वाटलं. "मूठ उजवीकडं पायजे. एवढं बी ठाऊक नाय?"

"मी डावखुरी आहे, काका. मला असंच जमतं." तिनं डाव्या हातानं कानस चालवली. हात कच्चा होता, पण ढंग बरोबर होता. दोन दात झाल्यावर ती थांबली आणि पात्याकडं वाकून बघायला लागली. "काका, हे कणीस तर सरळ आहे."

कडुबा तिच्या मागं येऊन उभे राहिले. दात वर, मूठ डावीकडं, आणि शिक्क्याची बाजू बसणाऱ्याच्या समोर. मोट उलटी झाली होती. कणीस ताठ उभं होतं, जसं शेतात असतं तसं.

तेहेतीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला आणखी सांगावं लागत नाही. त्यांनी एक फुलीची करवत घेतली आणि मूठ उजवीकडं करून शिकंज्यात धरली. फुली समोर आली. म्हणजे उजव्या हाताचा माणूस मागच्या बाजूला खूण करणार आणि डावखुरा पुढच्या बाजूला. कणीस कुणी लपवून काढलेलं नव्हतंच. ज्यानं काढलं त्याच्या डोळ्यांपुढं ते सरळच होतं.

"तुमचे वडील डावखुरे होते?" अमृतानं विचारलं.

"नाय," कडुबा म्हणाले.

त्यांना आजीचा आवाज आठवत होता. 'म्हाळसे, डाव्या हातानं भाकर वाढू नगं, कितींदा सांगू.' म्हाळसाबाई त्यांची आई. कडुबा सात वर्षांचे असताना बाळंतपणात गेली. चेहरा नीट आठवत नाही. दुपारी घराचं दार आतून लावलेलं असे आणि एक बारीक करकर चाललेली असे, ती आठवते. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की लुगड्यातलं काहीतरी गालाला टोचायचं. आज त्यांना कळलं की तो लोखंडाचा कीस होता.

त्यांनी खात्रीसाठी गावी आत्याला फोन लावला. साळूबाई आत्या, वय शहाऐंशी, कान अधू, पण बाकी सगळं शाबूत.

"आत्या, करवतीचे दात कोण घासायचं आपल्याकडं?"

"कोण म्हंजे? तुझी माय," आत्या ओरडून म्हणाली. "लई हात होता तिचा. तुझा बाप नुसता सायकलवर न्यायचा नि आणायचा. त्याच्या हातानं एक दात नीट नाय झाला कधी."

"मंग नाव त्याचं कामून?"

"औताड्याची सून लोखंड घासती म्हणून भावकीनं तोंडात शेण घातलं असतं. म्हून दार लावून घासायची. ती गेली नि काम बंद पडलं. मंग कशाचा कारखाना, धरली वखार त्यानं."

"मला कुणी सांगितलं नाय कधी."

"तू कधी इचारलं? तू आपला सारखा बापाचंच इचारायचा."

फोन ठेवल्यावर कडुबा खोलीच्या उंबऱ्यावर बसले. अतुल नाव चोरील, ही पोरगी चोरील, जावई करवत पळवील, म्हणून त्यांनी दोन कुलुपं लावली होती. आणि वीस वर्षं त्या कुलपाआड त्यांनी स्वतःच आईचं नाव कोंडून ठेवलं होतं. त्यांना इतकी लाज वाटली की अमृताकडं बघवेना. दीपमालाबाई वर आल्या, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि आज काही थट्टा न करता शेजारी टेकल्या.

"पाटी लिही," कडुबा म्हणाले. "कारागीर, म्हाळसाबाई सर्जेराव औताडे."

अमृतानं लिहिलं.

"वाच."

तिनं वाचलं. या वेळी ती बदलील असं त्यांच्या मनात आलं नाही. तरी त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं, नुसतं ऐकायला बरं वाटत होतं म्हणून.

"आणि आधी लिहिलेलं वडिलांचं नाव काढून टाकायचं ना, काका?"

कडुबांनी भिंतीकडं पाहिलं. मग उठून चौदा करवती एकेक करून खिळ्यावरून काढल्या आणि दात वर करून पुन्हा लावायला लागले.

"नगं काढू, पोरी," ते म्हणाले. "त्याचं बी ऱ्हाऊ दे. खाली बारीक अक्षरात लिही, करवती सायकलवर नेणारे, सर्जेराव औताडे."