परक्या मुलाचं सुतक

माझं तोंड आधी चालतं, डोकं मागून. दोन हजार सोळा-सतराची गोष्ट. तिकडे परदेशात, बुकित तिमाहच्या आमच्या फ्लॅटमध्ये सतरा वर्षांच्या लेकीने देव्हाऱ्यातलं निरांजन उचलून स्वतःच्या टेबलावर लावलं. त्यापुढे फोटो कुणाचा, तर अमेरिकेतल्या एका रॅपरचा. आदल्या दिवशी गेला होता तो. माझं डोकंच फिरलं.

"ना नात्याचा ना गोत्याचा! त्याचं सुतक धरतेस?" म्हणाले, आणि फूऽ करून निरांजन विझवलं. दिवा फुंकून विझवू नये, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी विझवलं.

तिने खोलीचं दार लावून घेतलं. ताट दाराशी ठेवायचे, तसंच उचलायचे. नवरा कामासाठी मुंबईला गेलेला. दुसऱ्या दुपारी आतून काही हालचालच ऐकू येईना. हाका मारून माझा घसा बसला. कुलूपवाल्याला फोन केला, तर म्हणे तासाभराने येतो. एक तास!

काय बोलावं सुचेना, तेव्हा फोनवर त्या मुलाचीच माहिती शोधली आणि दाराला पाठ टेकून मोठ्याने मराठीत सांगायला लागले. आई लाँड्रीत कामाला, बाप तुरुंगात. बसमध्ये बसून वहीत गाणी लिहायचा. ती इंटरनेटवर टाकली आणि बघता बघता नाव झालं. मोठमोठी स्टेजं, मग नशेच्या गोळ्या. झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही, असं गाण्यातून सांगायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे.

"अगं, हे पोर तर सगळ्यांना सांगत होतं गं!" मला रडूच फुटलं.

"डोन्ट स्टॉप, आई." आतून बारीक आवाज आला.

देवा रे! होती माझी पोर.

पण पुढे काही नव्हतंच. तेविसाव्या वर्षी, हॉटेलच्या खोलीत, सगळं संपलेलं. ते काही माझ्या तोंडून निघेना. मग मी थापा मारत सुटले. म्हटलं, त्याच्या आईने दार ठोठावलं, तो उठला, घरी आला. वर्षभर नुसता झोपला. लग्न झालं, टक्कल पडलं. नवी गाणी पार आपटली, तरी दर रविवारी आईकडे जेवायला यायचा.

"असं झालं नाही, आई." आता आवाज दाराला चिकटून आला.

"नाही झालं. तुझं होऊ दे, बाई. पाया पडते तुझ्या."

लॅच फिरला. तिने माझ्या हातात तिच्या बाबांच्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी ठेवली. मी ती उलटसुलट करून पुन्हा पुन्हा चाचपली. एकही गोळी फोडलेली नव्हती.