ओवळ्या हातांचा देव

मी सात वर्षांची होईपर्यंत देवाला फार भीत असे. कल्याणला आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. वडील कचेरीत कारकून होते. घरात देवाधर्माचा सगळा कारभार त्यांच्या विधवा बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे होता. आंघोळ न करता देवाला हात लावला तर बोटं झडतात, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. म्हणून देवघरावरून जाताना मी हात पाठीमागे लपवून जात असे.

एका सकाळी आई आणि आत्या शेजारच्या मुंजीला गेल्या होत्या. मला बारीक ताप होता, म्हणून मी बिनआंघोळीची घरीच राहिले. खाडीपलीकडच्या मिठागरावरून एक बाई दर आठवड्याला मीठ घेऊन यायची. ती नेहमीप्रमाणे परसदारी येऊन बसली आणि टोपली उतरवून मला तापाचं विचारू लागली. एवढ्यात एक माकड घरात शिरलं. नैवेद्याची केळी उचलताना त्यानं देव्हाऱ्यातला पितळेचा बाळकृष्णही उचलला आणि ते परसातल्या चिंचेवर चढलं. केळी सोलायला हात मोकळे हवेत, तेव्हा त्यानं देव खाली टाकून दिला. तो विहिरीजवळच्या चिखलात पालथा पडला.

मी रडायलाच लागले. मिठाच्या बाईला म्हटलं, तू उचल. ती म्हणाली, तुमच्या देवाला आमचा हात चालायचा नाही, तूच उचल. मी म्हटलं, माझी आंघोळ झालेली नाही, माझी बोटं झडतील. ती पदर तोंडाला लावून हसली.

"बाय, रांगता पोर चिखलात पडलाय. पोराला उचलताना कोन इचारतो, आंघोल केली का म्हनून?"

हे मला एकदम पटलं. धाकटा भाऊ पडला तर मी कधी हात धुवायला गेले नव्हते. मी पुढे झाले आणि देव उचलला. तो माझ्या मुठीत सहज मावला. इतका लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्याला विहिरीच्या पाण्यानं धुतलं, कानामागचा चिखल काढला, परकरानं पुसलं. बाई टोपलीजवळ बसून, "पाठ राहिली, पाठ राहिली," असं सांगत होती.

संध्याकाळपर्यंत मी दहाही बोटं अनेकदा मोजली. दहाच भरली. ताप मात्र उतरला होता.

वडील घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मार बसेल अशी तयारी होती. पण माकड देव घेऊन चढलं इथपर्यंत येताच ते हसू लागले, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आत्यानं पंचगव्यानं शुद्धी केली, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र देवांना आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं.

लग्न होऊन मी ठाण्यास आले. यजमान वकील होते, आणि मुंबईस शिकून आल्यापासून ते देव मानत नसत. मला त्याचं फार वाईट वाटे. बऱ्याच वर्षांनी एकदा धीर करून मी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, लहानपणी नैवेद्याआधी त्यांनी एक मोदक खाल्ला होता. त्याच महिन्यात वडील पटकीनं गेले. देवानं तुझ्या आगाऊपणाची शिक्षा दिली, असं काकांनी भर सुतकात सांगितलं. पुढे कॉलेजात असताना एक दिवस त्यांच्या मनात आलं, की देवच नसेल तर वडील आपल्यामुळे गेले नाहीत.

"त्या दिवशी खाणावळीत मी पोटभर जेवलो. दहा वर्षांत पहिल्यांदा."

तसा देव माझ्या वाट्याला आला असता तर मीही त्याला सोडलं असतं. मग माझ्या देवाची हकीकत मी त्यांना सांगितली. तेही माझ्या वडिलांसारखेच हसले. तेव्हापासून त्यांच्या न मानण्याचं मला वाईट वाटेनासं झालं.

आमची मुलगी पाच वर्षांची असताना तिनं त्यांना विचारलं, देव कसा असतो. मी भाजी चिरता चिरता थांबले. ते म्हणाले, "माझी त्याची ओळख नाही गं. तुझ्या आईची आहे, तिला विचार."

ती माझ्याकडे आली. मी पुष्कळ काही सांगितलं आणि ओटीवर हे हातातला कागद न उलटता ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं आम्हा दोघांना कळवलं, की देवाला लाडवांपेक्षा आंबे जास्त आवडतात. हे तिला कोणी सांगितलं, ते ती सांगेना. त्या उन्हाळ्यात पहिली आढी उघडली तेव्हा पहिला आंबा कोणाचा, यावरून बापलेकींचा मोठा वाद झाला. वकिली करूनही ते हरले. मग लेकीनं देवापुढचा आंबा आणून त्यांना अर्धा दिला, आणि कोय स्वतःकडे ठेवली.