काकाची गाडी बंद होताना

माझ्या धाकट्या काकाइतका संतापी माणूस रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत दुसरा नव्हता, आणि त्याच्यावर माझ्याइतकं चिडलेलंही कोणी नव्हतं. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी त्याने बाबांबरोबरच्या होडीतला आपला वाटा विकून टाकला आणि बाजारात मासळी न्यायला लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप आणली. त्या दिवसापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

गाडी चालायची झकास. बोंब होती ती बंद करताना. चावी फिरवली की इंजिन हिंव भरल्यासारखं थडथडायचं, दारं खडखडायची आणि मागे बसलेल्या कोळणींच्या पाट्यांतले बोंबील उड्या मारायचे. कोणी हसलं तर काका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. इंजिनाखालचे रबर झिजलेत, बदला, असं अलिबागच्या मिस्त्रीने सांगितलं, तर तू कधी होडीत पाय ठेवलायस का म्हणून त्यालाच झापलं. मग पठ्ठ्याने होडीच्या फटी बुजवतात तसा राळेत भिजवलेला काथ्या इंजिनाखाली ठासला. दोन दिवस गाडी गप्प. तिसऱ्या दिवशी भर बाजारात राळ तापून असा धूर झाला की कोळणी पाट्या टाकून पळाल्या. मासळीला राळेचा वास येतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांवर काकाच उखडला.

मला खरा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. रोज सकाळी तो आईला मासळी द्यायला आमच्या दारात थांबायचा, पण इंजिन बंद करायचा नाही. ती थडथड दादा ऐकेल, दादा हसेल, एवढंच भय. बाबा आत, हा बाहेर, मध्ये ते घरघरणारं धूड, आणि दोन वर्षं दोघांत शब्द नाही. मी एकदा चिडून म्हटलं, बंद कर ना आणि आत जा. तो मलाच मारायला धावला.

मग बाबा तापाने अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनीही फारशी आशा दाखवली नाही. काका नेहमीसारखा येऊन थांबला. त्या आवाजाने बाबांनी कण्हत कानांवर हात घेतले. आईने बाहेर जाऊन ते काकाला सांगितलं, आणि काकाने चावी फिरवली. अख्ख्या आळीसमोर गाडी थडथडली, शेजारी बाहेर आले. काका स्टिअरिंग धरून खाली मान घालून बसला होता. कोणी हसलं नाही. सगळं शांत झाल्यावर आतून बाबांचा आवाज आला, "केलीस बंद? मंग ये आत."

दोघांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पुढे त्यांना बोलायला अकराच दिवस मिळाले.